थांबा, त्याला बोलू द्या!

घाटकोपरला आमच्या अभ्यासवर्गाच्या पालकसभेत एक तक्रार हमखास येते, ‘‘ताई, आमचा बोलताना फार अडखळतो हो!’’ आणि लगेच मुलाला दटावणी, ‘‘पटपट सांग ना!’’ मूल बिचारं आणखीनच गप्प.

मैत्रिणींनो, बोलणं हे जिभेइतकंच डोक्याचंही काम आहे. आधी काय सांगायचं ते ठरतं, मग शब्द सापडतात, ते वाक्यात बसतात आणि शेवटी जीभ हलते. नेदरलँड्सचे विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९च्या आपल्या पुस्तकात ही साखळी मांडली. गप्पांमध्ये आपण सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो. एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटायला घ्यायची, तसंच हे! लाटणं मागे पडलं की तवा रिकामा. ती रिकामी वेळ आपण ‘अं...’, ‘म्हणजे’, ‘ते आपलं हे’ म्हणत भरून काढतो.

लंडनमध्ये फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी असे थांबे चक्क मोजले. व्यंगचित्रात काय दिसतं ते सांगताना लोक कमी थांबत, त्यातली खोच समजावताना जास्त. जिभेचा वेग फारसा बदलत नाही. बोलणं संथ वाटतं ते मुख्यतः थांब्यांमुळे. आणि थांबा म्हणजे विचार!

आपल्या मुलांचं तर विचारूच नका. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी. नव्या भाषेत शब्द शोधायला वेळ लागणारच. त्याला ‘मठ्ठ’ कसं म्हणायचं?

तोतरेपणाची गोष्ट थोडी वेगळी. लहानपणी शंभरात साधारण पाच मुलं काही काळ तोतरं बोलतात, बहुतेकांचं ते आपोआप जातं. त्यात बुद्धीचा दोष नाही आणि आईच्या वळणाचाही नाही. मात्र ते सहा महिन्यांहून जास्त टिकलं किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर वाचातज्ज्ञांना दाखवावं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा व श्रवणदोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे.

घरी काय करायचं? आपण सावकाश बोलायचं, त्याच्याकडे बघून ऐकायचं आणि त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. ८.१२ची फास्ट पकडायची घाई स्टेशनापुरतीच ठेवूया. जेवताना पोराचं वाक्य संपेपर्यंत थांबायला असे कितीसे सेकंद लागतात?