बँकेत पैसे आहेत, तरी पगाराला नाहीत!

मंडळी, आपल्या बर्शातल्या भिशीचा हिशोब एका वहीत मावतो. ठरलेली माणसं, ठरलेली रक्कम, आणि ज्याचा नंबर लागेल त्याने उचलायची. सामाजिक संस्थेचं तसं नसतं. तिथे पैसे देणारा एक, खर्च करणारा दुसरा आणि ज्याच्यासाठी दिले तो तिसराच! म्हणून देणगी देण्याआधी हा हिशोब चालतो कसा, ते थोडं समजून घेऊ या.

समजा, तालुक्याच्या गावी मुलींचं एक वसतिगृह आहे. मार्चमध्ये संस्थेच्या खात्यात ७ लाख रुपये आहेत आणि २ लाखांचे पगार द्यायचेत. आपल्याला वाटेल, मग अडचण काय? पण त्यातले ६ लाख एका दात्याने फक्त नवीन खोल्या बांधायला दिलेले आहेत. म्हणजे पगाराला उरला १ लाख. बाकीचे वापरले तर कुणी खिशात घातले नाहीत हे खरं, पण दात्याला दिलेला शब्द मोडलाच.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक रुपयाला टॅग हवा: कोणी दिला, कशासाठी आणि कधीपर्यंत. म्हणून प्रत्येक अनुदानाचं बजेट वेगळं करतात, प्रत्येक व्हाउचरवर खर्च कुठल्या अनुदानातला ते लिहितात आणि शेवटी दात्याला उपयोगिता प्रमाणपत्र देतात. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा कायदा आहे. पैसा न्यासाच्या उद्देशाबाहेर खर्च झाला असेल, तर ऑडिटरला ते अहवालात लिहावं लागतं. ऑडिट म्हणजे नुसती बेरीज तपासणं नव्हे, ते असं.

आता आपल्याशी थेट संबंध असलेला मुद्दा. भारतात परदेशी देणग्यांसाठी २०१० चा एफसीआरए कायदा आहे. आपण भारतीय पासपोर्टवर इथे राहत असू आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण शेजारच्या फ्लॅटमधल्या मित्राने कॅनडाचा पासपोर्ट घेतला असेल, तर त्याची देणगी परदेशी ठरते, मग तो कितीही अस्सल पुणेकर असो! इथल्या एखाद्या संस्थेच्या खात्यातून गेलेला पैसाही परदेशीच. अशी देणगी घ्यायला वसतिगृहाकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच जमा व्हायला हवेत. दहा जणांनी मिळून एकाच्या खात्यातून एकदम रक्कम पाठवली, तर कुठला रुपया कुणाचा हे संस्थेला कळणार कसं? आणि चूक आपली असली तरी नोंदणी धोक्यात येते ती त्यांची.

इथे दुबईतही नियम आहेत. २०१५ च्या आदेशानुसार इस्लामिक अफेअर्स अँड चॅरिटेबल ॲक्टिव्हिटीज डिपार्टमेंटच्या मंजुरीशिवाय निधी गोळा करता येत नाही. व्हॉट्सॲपवर आवाहन फिरवण्याआधी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता शेवटचा आणि जरा नाजूक मुद्दा. हा सगळा हिशोब ठेवणार कोण? हिशेबनिसाला पगार लागतो, ऑडिटरला फी लागते. पण आपण सगळे म्हणतो, "माझे पैसे मुलींच्या जेवणालाच जाऊ देत, ऑफिसखर्चाला नकोत." भावना चांगली आहे, पण प्रत्येकानेच असं म्हटलं तर हिशोब लिहिणारा माणूसच परवडत नाही, आणि मग पावत्या सापडत नाहीत म्हणून आपणच संशय घेतो! परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चावरची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. त्यामुळे ही अडचण आणखी वाढली आहे.

तेव्हा मंडळी, देणगी देताना एवढं करू या. आपापल्या नावाने, आपल्याच खात्यातून पाठवू या आणि पासपोर्टचा तपशील मागितला तर राग न मानता देऊ या. मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट जरूर मागू या, आणि तो मिळाला की नुसता ठेवून न देता वाचू या. आणि देणगीतला थोडा भाग "संस्थेला गरज असेल तिथे वापरावा" असं लिहून देऊ या. वसतिगृहाच्या खोल्या आपल्या पैशांनी उभ्या राहतील, पण त्यांचा हिशोब ठेवणाराही टिकायला हवा ना?