मानेवरचे आडवे केस आणि उलटा हात

हनुवटीखाली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना अनेकांचे केस उभे राहत नाहीत, कातडीला चिकटून आडवे वाढतात. रेझर त्यांच्यावरून नुसता घसरतो आणि गालांची दाढी गुळगुळीत झाली तरी मान खरखरीतच राहते. मग रेझर दाबायचा, त्याच जागी चार वेळा फिरवायचा, तरी नाहीच जमले तर कातडी ताणून उलटा हात मारायचा, असा बहुतेकांचा शिरस्ता असतो. केस राठ आहेत, म्हणून जोर लावला पाहिजे, हा त्यामागचा समज. खरी अडचण वेगळी आहे. आडवा केस पात्याच्या धारेसमोर येतच नाही. जोर वाढवला की धार केसाऐवजी कातडीत जास्त रुतते, वरचा थर खरवडला जातो आणि आफ्टरशेव्ह लावताच आग होते. अशा दाढीचा निकाल रेझर उचलण्याआधीच्या चार-पाच मिनिटांत लागतो.

त्या मिनिटांत काम करते ते पाणी. केस केराटिन या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो चिवट असतो; पाणी आत शिरले की त्यातले हायड्रोजन बंध सैल होतात, केस फुगतो, मऊ पडतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. याला दोन-तीन मिनिटे तरी लागतात. त्यामुळे तोंडावर पाण्याचा हबका मारून लगेच फेस लावणे म्हणजे जवळजवळ कोरडीच दाढी करणे. गरम पाण्याने त्वचेची छिद्रे उघडतात, हा समजही असाच रूढ आहे. छिद्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. कोमट पाण्याने त्वचेवरचे तेल सुटते, भिजणे सुखाचे होते, एवढाच त्याचा उपयोग; कढत पाणी मात्र कातडी कोरडी करते. म्हणून आंघोळीनंतर लगेच दाढी करणे सर्वांत सोयीचे. फेसाचे कामही भिजलेला केस ओला ठेवण्याचे आणि पात्याला वंगण पुरवण्याचे. ब्रश गोल गोल फिरवला की आडव्या केसांच्या खालच्या अंगालाही फेस पोचतो, बोटांनी थापलेला बहुधा वरच राहतो. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, उलट चिकट साका उरतो. तिथे शेव्हिंग जेल बरे.

केस मऊ म्हणून त्याच्यापुढे पोलाद अभेद्य, असेही नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पोलादाहून सुमारे 50 पट मऊ असलेला केस वाकून पात्याला तिरका लागला, तर धारेचा बारीक टवका उडू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांची अमेरिकन संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदलायला सांगते. बोथट ब्लेडने आडवे केस कापले कमी जातात, ओढले जास्त जातात.

उलटा हात टाळा म्हटले की एक आक्षेप हमखास येतो: सलूनवाले सर्रास उलटा हात मारतात, त्यांच्या गिऱ्हाइकांना काही होत नाही. पण कारागीर आधी काय करतो ते पाहा. पाणी मारून तो बराच वेळ ब्रश घोळवतो, अर्धे ब्लेड नवे घालतो, आधी सुलटा हात फिरवतो आणि उरलेल्या खुंटांवर पुन्हा फेस लावूनच उलटा वळतो. घरी आपण त्यातला फक्त शेवटचा भाग उचलतो. शिवाय ज्याचे केस सरळ आहेत त्याला उलटा हात चालून जातो; कुरळ्या किंवा आडव्या केसाचे तसे नाही. ताणलेल्या कातडीवर तो उलटा कापला, की त्याचे तिरके, अणकुचीदार टोक कातडीच्या पातळीखाली जाते आणि वाढताना बाहेर येण्याऐवजी आतच शिरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मानेवर उठणाऱ्या लाल पुटकुळ्या बहुतेकदा यामुळेच असतात. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस ओढते आणि पुढचे खोलवर कापते. म्हणून अशा मानेला एकाच पात्याचा रेझर मानवतो.

तेव्हा बोटे फिरवून आपल्या मानेवरच्या केसांची दिशा एकदा नीट पाहून घ्यावी. कित्येकांची ती खालून वर किंवा आडवी जाते, म्हणजे वरून खाली ओढलेला रेझर तिथे नकळत उलटाच पडत असतो. आधी केसांच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडव्या अंगाने, हलक्या हाताने, तिथे थांबावे. वारंवार दाढी केल्याने केस जाड होतात ही भीतीही सोडून द्यावी. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच मोजमाप करून ती खोटी ठरवली आहे; कापलेले टोक मूळच्यासारखे निमुळते राहत नाही म्हणून खुंट राठ लागतात, इतकेच. एवढे करूनही पुटकुळ्या येतच राहिल्या, तर काही आठवडे रेझर बाजूला ठेवून ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राखावेत, आणि पू धरला किंवा डाग पडू लागले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.