सिंदखेडराजा: राजवाड्याला गर्दी, पण काळाकोटाचं पुढे काय?

आज बोलायचंय सिंदखेडराजाबद्दल, पण जिजाऊंच्या जन्माची कथा सांगायला नाही. ती तुम्हाला माहीत आहे आणि दर १२ जानेवारीला लाखभर तोंडांनी सांगितली जाते. आजचा प्रश्न जरा अवघड जागेचा आहे. या गावात राजवाडा सोडून बाकी ज्या वास्तू उभ्या आहेत, त्यांचं काय होणार? त्यातही तो काळाकोट.

ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जालन्याहून मेहकरकडे जाताना, जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावर सिंदखेडराजा लागतं. आता समृद्धी महामार्गावरूनही इथे उतरता येतं. रस्त्यालगत लखुजीराव जाधवांचा राजवाडा, त्याचा तो प्रसिद्ध दरवाजा. बहुतेक गाड्या इथे थांबतात, फोटो होतात, दर्शन होतं, आणि गाड्या पुढे लोणारला निघतात. पण याच गावात रंगमहाल आहे, नीळकंठेश्वराचं देऊळ आहे, पुतळा बारव आहे, मोती तलाव आहे (त्याच्या बांधावरचं दगडी काम एकदा बघाच, तलावाची भिंत एवढी देखणी कशाला करतात असा प्रश्न पडतो), चांदणी तलाव आहे, लखुजीरावांची भव्य समाधी आहे. आणि काळ्या दगडाच्या दांडग्या भिंतींचा काळाकोट आहे.

कोटाकडे कसं जायचं म्हणून मी चहाच्या टपरीवर विचारलं तर एक आजोबा म्हणाले, "तिथं काय पाह्यता, निरे दगडं हायेत." मला त्यांचा राग नाही आला. खरंच आहे की. आत गवत, वर आभाळ. दाखवायला पाळणा नाही, सिंहासन नाही. वास्तू वाचते की नाही हे पुष्कळदा इथेच ठरतं, तिच्याबद्दल सांगायला लोकांकडे गोष्ट आहे का, यावर.

बरं, एवढं मोठं घराणं, मग वास्तू ओस कशा पडल्या? एकच दिवस सांगायचा तर २५ जुलै १६२९. त्या दिवशी दौलताबादला निजामशाही दरबारात लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, सगळे एकदम मारले गेले. घराणं संपलं नाही, पण पुढे त्याच्या शाखा पसरल्या. आसपासच्या गावांची नावं बघा: देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा. ही 'राजा' शेपटं उगीच लागलेली नाहीत. वतन वाटलं गेलं तशी देखभालही वाटली गेली, आणि वाटलेली देखभाल म्हणजे काय होतं हे एकत्र कुटुंबातला जुना वाडा पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

मग लढाया. १७२४ मध्ये जवळच्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवलं आणि दख्खनमधली निजामाची सत्ता पक्की झाली. १७५७ च्या अखेरीस खुद्द सिंदखेडला मराठे आणि निजाम भिडले. तेव्हा सिंदखेडचे रामचंद्र जाधव निजामाकडून लढत होते. १८०४ च्या सुरुवातीला आडगाव आणि गाविलगडच्या लढाया उरकून जनरल वेलस्ली या मुलखातून गेला, तेव्हा त्याने सिंदखेडबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. चोरांचा सुळसुळाट, उपाशी मरणारी माणसं, आणि विचारणारं सरकार कुठेच नाही. शेवटी १८५१ मध्ये देऊळगाव राजाच्या बाजीरावांच्या अरब शिपायांची हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेशी झुंज झाली, त्यानंतर जहागीर जप्त झाली, आणि १८५६ मध्ये बाजीराव कैदेतच वारले. म्हणजे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला तोवर या भिंतींना हक्काने शाकारणारा, चुना लावणारा मालकच उरला नव्हता.

आता आजचं बघू. एकाच गावात दोन खाती आहेत. राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, लखुजीरावांची समाधी केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय काही नाही. कागदावर उत्तम. पण त्या १०० मीटरमध्ये ज्याचं चार खोल्यांचं घर आहे, ज्याच्या पोराचं लग्न ठरलंय आणि ज्याला वर एक खोली काढायचीय, त्याच्या दृष्टीने स्मारक म्हणजे शेजारी बसलेलं संकट. अशा माणसाला 'वारशाचा अभिमान बाळगा' असं माईकवरून सांगणं फार सोपं आहे.

आणि 'संरक्षित'ची निळी पाटी लागली म्हणजे रक्षण झालं, हाही समज सोडा. २०१३ मध्ये कॅगने केंद्राच्या १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तर ९२ जागेवर सापडलीच नाहीत. पुढे संसदीय समितीच्या अहवालात आलं की साडेतीन हजारांहून जास्त स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक आहेत. मार्च २०२४ मध्ये तर १८ स्मारकं यादीतूनच काढायचं ठरलं. म्हणजे पाटी लागल्यावरही वास्तू हरवू शकते.

कोट पडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेऊ, कारण उपाय त्यातच आहे. अशा जाड भिंती सहसा सलग दगडाच्या नसतात. बाहेरून आणि आतून घडीव दगड, आणि मधल्या पोकळीत गोटे-चुन्याची भर. जोवर भिंतीचा माथा बंद आहे तोवर ती शतकानुशतके उभी राहते. माथ्यावरचा चुना फुटला की पावसाचं पाणी सरळ पोटात उतरतं. मधला चुना धुपतो, गोटे खाली बसतात, आणि बाहेरच्या दगडाला रेटा बसून भिंत फुगते. गवंडी म्हणतात तसं भिंतीला पोट सुटतं. मग एखाद्या श्रावणात ते पोट फुटतं आणि आपण पेपरात वाचतो की 'मुसळधार पावसाने ऐतिहासिक भिंत कोसळली'. अहो, ती त्या पावसाने नाही कोसळली, आधीच्या वीस पावसाळ्यांनी कोसळवली.

दुसरा शत्रू पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, मूळ चुन्यात शिरतं. वरून छाटला की तो आणखी जोमाने फुटतो, आणि ओढून उपटला तर दगड घेऊन बाहेर येतो. तो मुळाशी मारावा लागतो, सावकाश, आणि मग सांधा भरावा लागतो. तिसरा शत्रू दोन पायांचा: गुप्तधन शोधणारे. अमावस्येला येऊन पाया खणणारी ही मंडळी विदर्भात नवी नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पण रात्री खणणारा कायदा वाचून येत नाही.

आणि चौथा शत्रू, मला विचाराल तर सगळ्यात वाईट, म्हणजे सिमेंट. निधी येतो, ठेकेदार येतो, सांध्यांत सिमेंट भरून जातो. सिमेंट दगडापेक्षा कडक, आणि आतली ओल बाहेर पडू देत नाही. मग ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. जुना चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. तो घाणीत मळून मुरवायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालायचा, हे काम जाणणारे गवंडी आहेत, पण त्यांचा वेळ आणि मोल सर्वात कमी दराच्या निविदेत बसत नाही.

मग करायचं काय? गावात गप्पा मारताना एक सूर हमखास येतो: सगळं नवं बांधून द्या, भव्य करा. भावना समजते, तरीही माझा याला विरोध आहे, आणि त्याचं कारण सिंदखेडराजातच सापडलं. जून २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीजवळ संवर्धनाचं काम चालू होतं. ढिगारा काढताना काही दगड वेगळे वाटले म्हणून पुरातत्त्वच्या लोकांनी रीतसर उत्खनन केलं. आधी एका शिवमंदिराचा पाया उघडा पडला. मग आणखी खाली, सव्वादोन मीटरच्या आसपास, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. सुमारे १.७० मीटर लांब, मीटरभर उंच, पायाशी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला. इतकी वर्षं लोक त्या जागेवरून चालत होते. तिथे कुणी आधीच जेसीबी लावून बगीचा आणि पेव्हर ब्लॉक केले असते तर?

काळाकोटाच्या आतलं गवत म्हणूनच मला 'मोकळी जागा' वाटत नाही. तिथे खाली काय आहे हे खणल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि खणायचं तर ते खुरप्याने आणि ब्रशने, नोंदी ठेवत.

दत्तक देण्याचाही एक मार्ग आहे. राज्याच्या महावैभव योजनेत संरक्षित स्मारक काही वर्षांसाठी संस्थेला किंवा कंपनीला सांभाळायला देता येतं. नळदुर्गच्या किल्ल्याचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. सोलापूरच्या एका कंपनीने तो घेतला, बाग झाली, बोटिंग आलं, माणसं यायला लागली. काहींना ते आवडत नाही, जत्रा झाली म्हणतात. मला विचाराल तर किल्ल्यात झाडलोट होणं आणि दिवसभर माणसांचा वावर असणं ही छोटी गोष्ट नाही. जिथे वावर असतो तिथे रात्री पाया खणायला कुणी धजत नाही. मात्र काळाकोटाला बोटिंग नको. त्याला हवंय ते फार साधं आहे: भिंतीचे माथे चुन्याने बंद करणं, पाण्याला उतार देणं, पिंपळ काढणं, आणि दर पावसाळ्यापूर्वी हे पुन्हा तपासणारा एक माणूस. उद्घाटनाची फीत कापावी असं यात काहीच नाही, म्हणून ते मागे पडतं.

आणि गोष्ट? ती आहे. समाधीजवळ निघालेलं शिल्प आणि पुढे जे निघेल ते पाहायला सिंदखेडराजातच एक बरं संग्रहालय असलं, आणि राजवाडा ते रंगमहाल, काळाकोट, बारव, मोती तलाव असा दोन तासांचा पायी फेरा आखून त्यावर गावातलीच शिकलेली पोरं वाटाडे म्हणून उभी राहिली, तर लोणारकडे घाईत निघालेली गाडी इथे दुपारभर थांबेल. जेवण गावात होईल, पैसा गावात राहील. मग १०० मीटरच्या आत राहणाऱ्या त्या घरमालकालाही कोट शेजारी असण्याचा काही उपयोग दिसेल. पुढच्या १२ जानेवारीला जाणार असाल तर राजवाड्यातून बाहेर पडल्यावर कोटाकडे वळा. भिंतीच्या माथ्यावर पिंपळ दिसला तर उपटू नका, फोटो काढून दोन्हींपैकी ज्या खात्याची पाटी असेल त्याला पाठवा.