रेबीजचा विषाणू मेंदू कसा गाठतो?
रेबीजचा विषाणू जेमतेम 180 नॅनोमीटर लांबीचा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. आत आरएनए, बाहेर स्निग्ध आवरण. जिवंत पेशीशिवाय तो वाढूच शकत नाही. पिसाळलेला कुत्रा चावला की लाळेतून तो जखमेत उतरतो, चेतापेशीत शिरतो, तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि मज्जारज्जूमार्गे मेंदू गाठतो. याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. लक्षणे दिसल्यावर मृत्यू जवळपास अटळ असतो. म्हणून हाच अवधी मोलाचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. साबणाने विषाणूचे आवरण फुटते. हळद, चुना, मिरची लावू नका. लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या आणि सगळे डोस पूर्ण करा.