वास्तुचित्रांतील घटक आणि बाहेरील दप्तर यांची सांगड

इमारतींचे नकाशे आतां कागदावर क्वचित् काढले जातात. ते संगणकांत तयार होतात. हा विषय आपल्या मंडळींचा नव्हे असें पुष्कळांस वाटतें. परंतु नरनाळा, गाविलगड किंवा बाळापूर येथील वास्तूंचें मापन यापुढें याच रीतीनें व्हावयाचें आहे. शिलालेखांचे ठसे, वाचनें व टिपणें आपल्या दप्तरांत आहेत. त्यांचा त्या नकाशाशीं संबंध कसा जोडावा, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्यें दरवाजा म्हणजे चार रेघा नव्हेत. तो स्वतंत्र घटक असतो. रुंदी, उंची, दगडाची जात हीं लक्षणें त्यास चिकटलेलीं असतात. बाकीची माहिती त्याच्या पोटांत कोंबण्यापेक्षां बाहेरील डेटाबेसमध्यें, म्हणजे रकान्यांच्या कोष्टकांत, ठेवतात आणि घटकावर त्या कोष्टकांतील ओळीची खूण तेवढी लिहितात.

संस्कृतज्ञांस ही योजना नवी वाटूं नये. पाणिनीनें सर्वनामांची यादी सूत्रांत दिली नाहीं. ‘सर्वादि’ एवढाच निर्देश केला, आणि यादी गणपाठांत राहिली. सूत्र आटोपशीर राहतें व यादी वाढूं शकते. आकृतिगण तर मुद्दाम मोकळेच ठेवलेले आहेत. सूत्र म्हणजे आपला नकाशा, गणपाठ म्हणजे बाहेरचें दप्तर, आणि ‘सर्व’ हा आद्य शब्द दोहोंतील दुवा. मात्र तेथें शब्द दुवा म्हणून चालला, कारण मुखोद्गत परंपरेनें तो ढळूं दिला नाहीं. आपल्या वास्तूंचीं नांवें ढळतात.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा घ्या. त्यावरील लेखावरून तो बहमनी सुलतान शिहाबुद्दीन महमूदशहा याच्या कारकीर्दींत, इ. स. १४८७ मध्यें बांधला गेल्याचें ठरतें. नकाशांत कमान हा एक घटक, लेखाची प्रत्येक शिळा हा निराळा घटक. दप्तरांत मात्र दोन कोष्टकें हवींत: एकांत शिळा, दुसऱ्यांत वाचनें. शिळा एक, पण तिचीं वाचनें अनेक; त्यांतील एक चुकीचें ठरलें म्हणून तें पुसावयाचें नसतें, त्याच्याखालीं दुसरें लिहावयाचें असतें. शिळा व वाचन एकाच ओळींत घातलीं कीं नवें लिहितांना जुनें पुसलें जातें आणि पाठभेद नाहींसा होतो. पोथीच्या संपादकास ज्या अपराधाची आपण क्षमा करीत नाहीं, तो येथें कोणाच्या ध्यानीं न येतां घडतो.

घटक कोठवर पाडावे, याचा नियम सोपा आहे. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांच्या पक्ष्याचें शिल्प आहे. त्यावर स्वतंत्र टिपण लिहिलें जाणारच, म्हणून तो स्वतंत्र घटक.

आतां दुव्याविषयीं. त्यासाठीं नांव वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. अमरावतीच्या परकोटास पांच दरवाजे व चार खिडक्या. त्यांतील एक दरवाजा कोणी ‘अंबागेट’ लिहितो, कोणी ‘अंबादरवाजा’, कोणी दोन शब्द तोडून ‘अंबा दरवाजा’. संगणकाच्या लेखीं हे तीन दरवाजे झाले. एलिचपुराचें अचलपूर झालें, तेव्हां जुन्या नांवावर बांधलेला प्रत्येक दुवा तुटला असता. दुसरा मोह सॉफ्टवेअरनें आपोआप दिलेल्या क्रमांकाचा. नकाशांतील दरवाजा पुसून पुन्हां काढला कीं त्याचा क्रमांक नवा होतो. दिसण्यांत तिळमात्र फरक नसतो, पण दप्तराशीं नातें संपलेलें असतें. आयएफसी या आंतरराष्ट्रीय स्वरूपांत (आयएसओ १६७३९, प्रथम प्रकाशन २०१३) प्रत्येक घटकास बावीस अक्षरांची खूण असते; तीहि काढलेल्या घटकाची असते, दगडाची नव्हे.

म्हणून क्रमांक मंडळानें स्वतः द्यावा, आणि त्यास कांहींहि अर्थ नसावा. ‘नर-महा-१४८७-३’ ही खूण विद्वत्तापूर्ण दिसते खरी, पण उद्यां सनाचें वाचन बदललें तर ती खोटी ठरेल. ‘००४१७’ पुरे. दगड पडला, चोरीस गेला, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्यास देऊं नये. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें सांगावयास नको. पोथी गहाळ झाली तरी सूचींतील तिची जागा ते रिकामी ठेवतात.

आणखी एक गोष्ट. ऑटोकॅडच्या जोडणींत नकाशास दप्तर ठाऊक असतें, दप्तरास नकाशा ठाऊक नसतो. कोष्टकांतील ओळ काढून टाकली तर घटकावरील खूण लोंबकळत राहते, आणि कोष्टक पाहणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. तेव्हां ओळ काढूं नये. तिच्यापुढें ‘रद्द’ असें लिहून तारीख घालावी. वर्षांतून एकदां दोन्हीं बाजूंचे क्रमांक ताडून दोन याद्या कराव्या: नकाशांत आहेत पण दप्तरांत नाहींत ते, व दप्तरांत आहेत पण नकाशांत नाहींत ते. पहिली यादी बहुधा लिहिणाऱ्याच्या हातचुकीची असते व बसल्या जागीं निकालांत निघते. दुसऱ्या यादींतील दगड मात्र प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागतात. नरनाळ्याची चढण लक्षांत घेतां हें काम पावसाळ्यापूर्वीं उरकावें.