एकतर्फी निकालाआधीचे तीस दिवस

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहणारी, मंडईत पालेभाजी घेऊन बसणारी एक विधवा आहे असं समजा. एके दिवशी बेलिफ येतो, समन्स देतो, सही घेतो. वाडामालकाने खोल्या खाली करून मागितल्या आहेत, भाडं थकल्याचं कारण दाखवलं आहे. कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जातो आणि तिथेच राहतो. तारखेला जावं तर दिवसाची कमाई बुडते, वकील गाठावा तर पैसे कुठून आणायचे? ती जात नाही. मग दावा एकतर्फी चालतो आणि तिच्याविरुद्ध हुकूमनामा होतो. तिची बाजू खरी होती की खोटी, हे कुणी तपासलेलंच नसतं.

दिवाणी कोर्टात गरीब माणूस बहुतेक वेळा असाच हरतो. कायदा त्याच्या विरोधात असतोच असं नाही. त्याच्या बाजूने वेळेत कुणी उभं राहत नाही.

वर सांगितलेल्या दाव्यात कायदा तिच्या बाजूने बराच पुढे येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत थकलेलं भाडं, त्यावर पंधरा टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडंही नियमित भरत राहिलं, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून तिला बाहेर काढता येत नाही. दिवाणी दाव्यात लेखी म्हणणं द्यायला साधारण तीस दिवस असतात, कोर्टाने सबळ कारणासाठी वाढवले तर नव्वद. हे सांगायला कुणी भेटलं तर घर वाचतं. एवढ्यासाठीच मोफत विधी सेवा आहे, आणि तिची खरी गरज या पहिल्या महिन्यात असते.

पुणे जिल्ह्याने एकतर्फी निकालांची किंमत फार पूर्वी मोजली आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यांना हवे होते कर्जाचे रोखे, आणि हाती आले ते त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगासमोर आलेल्या कारणांमध्ये दिवाणी कोर्टांचा कारभार ठळक होता. सावकार दावा लावत, कुणबी कोर्टात फिरकतच नसे, आणि बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत. मूळ कर्ज किती, फेडलं किती, हे विचारायला समोर कुणी नसे.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्याचं एक कलम आजही वाचण्यासारखं आहे. समोरच्या पक्षाने वकील दिला असेल आणि शेतकऱ्याला वकील करण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायाधीशांच्या मंजुरीने सरकारी वकिलाला किंवा तयार असलेल्या दुसऱ्या योग्य माणसाला शेतकऱ्याच्या बाजूने उभं करण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला होता. फौजदारी नव्हे, दिवाणी दाव्यात! पुढे न्या. महादेव गोविंद रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते.

त्याच काळात, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. कोर्टकचेऱ्यांत अडाणी शेतकरी कसा नागवला जातो, याचं त्यात संतापून केलेलं वर्णन आहे. ही विधवा जिथे बसते त्या मंडईची इमारत उभारण्यावर नगरपालिकेने पैसा घालावा याला फुल्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाला जावा असं ते म्हणत. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झालेली ती मंडई आज फुल्यांच्याच नावाने ओळखली जाते.

स्वतंत्र भारतात गरिबाला मोफत वकील देण्याचा विचार घटनेत यायला १९७६ साल उजाडलं. बेचाळिसाव्या दुरुस्तीने ३९-अ हे कलम आलं, मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, आणि तो प्रत्यक्ष अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. या कायद्याचं मोठेपण मला एका गोष्टीत वाटतं. त्याने दिवाणी आणि फौजदारी असा भेद केला नाही. अमेरिकेत १९६३ च्या गिडियन खटल्याने गरीब आरोपीला वकील मिळाला, पण घरातून काढल्या जाणाऱ्या भाडेकरूला तसा घटनात्मक हक्क मिळालेला नाही. इंग्लंडने १९४९ मध्ये उभारलेली व्यवस्था २०१२ च्या कायद्याने घर आणि कुटुंबाच्या अनेक प्रकरणांत छाटली. आपल्याकडे हक्क कागदावर शाबूत आहे.

कुणाला मिळतो हा हक्क? कलम १२ पाहा. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले, आपत्तीग्रस्त. यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे मंडईत बसणारी प्रत्येक बाई, ती किती कमावते हे न विचारता, पात्र आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे, म्हणजे बहुतेक हमाल आणि हातगाडीवालेही त्यात बसतील. उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र दिलं तर, शंका घ्यायला कारण नसल्यास, कायद्याला तेवढं पुरतं. शिवाय पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत १९९४ च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेने महिलांना कोर्ट फी माफ आहे.

तरी लोक जात नाहीत. ‘फुकटचा वकील काय लढणार?’ हा प्रश्न मंडईत नक्की ऐकू येईल, आणि तो निराधार नाही. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांचं मानधन तुटपुंजं आहे, आणि कामाची गुणवत्ता माणसागणिक बदलते. सरकारने आधी इथे पैसा घालायला हवा. फलक आणि शिबिरं नंतर. पण पक्षकारालाही हक्क आहेत, ते ठाऊक हवेत. नियमांनुसार अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं उतरवून घेतलं जातं. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. मागितला तर प्राधिकरणाकडे तक्रार करावी.

लोकअदालतीबद्दल मात्र सावध राहावं. तिथे निकाल लवकर लागतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तडजोडीवर सही झाली की तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच ठरतो आणि त्यावर अपील नाही. गरीब माणसावर ‘मिटवून टाका’ असा दबाव सहज येतो. अटी पटत नसतील तर नाही म्हणता येतं, आणि मग दावा मूळ कोर्टात पुढे चालतो. आपला वकील शेजारी असल्याशिवाय सही करू नये.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. मंडईतून मेट्रोने कसबा पेठ सोडलं की पुढचंच स्टेशन. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जाताना समन्स, ओळखपत्र आणि भाडेपावत्या किंवा घराचे असतील ते कागद न्यावेत. एकतर्फी हुकूमनामा होऊन गेला असेल तरी जावं. तो रद्द करून घेण्यासाठी निकालापासून तीस दिवसांत अर्ज करता येतो, आणि समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर हे तीस दिवस निकाल कळल्यापासून मोजले जातात. त्या अर्जासाठीही वकील मोफत मिळतो.