हात जात्याला, मन कुठे?

परभणी जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्याला जनाबाईला ओलांडून पुढे जाता येत नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे तिचे जन्मगाव. परंपरा सांगते की, लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि दळण-कांडणात तिचा जन्म गेला. तरी तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत! वर्गात मला हमखास प्रश्न येतो, ‘सर, इतक्या कामात तिला सुचायचे केव्हा?’ वाचकहो, उत्तरासाठी घटकाभर मानसशास्त्राच्या दारी जाऊ.

विल्यम जेम्स या अमेरिकन पंडिताने १८९० साली असे मांडले की, रोजची कामे जितकी सवयीच्या स्वाधीन करावीत, तितके मन वरच्या कामाला मोकळे होते. नवखी सून जात्याशी बसली की तिचे सारे लक्ष खुंट्याकडे आणि वैरणीकडे. पुढे हात आपले आपण फिरू लागतात आणि ओठांवर ओवी येते.

हातांची ही विद्या जाणिवेवाचूनही मुरते. १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची शक्ती गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला. पण हे आपण पूर्वी केले आहे, याचा त्याला पत्ताच नसे! हाताचे शिकणे आणि मनाचे आठवणे यांची घरे मेंदूत निराळी आहेत.

हात सवयीने चालले, की सुटलेले मन रिकामे बसत नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. माहेर, सासुरवास, लेकरे, विठ्ठल, सारे त्यांत आहे. चारचौघांत जे बोलता येत नव्हते, ते बायांनी जात्याला सांगितले.

म्हणून जाते परत आणा, असे मी म्हणणार नाही. त्या कष्टांत काव्य पाहणे दुरून सोपे असते. गिरणीने बायांचे खांदे वाचवले, हे चांगलेच झाले. पण हातांबरोबर आपण लक्षही यंत्राच्या हवाली केले नाही ना? मोबाईलच्या पडद्यावर ते दिवसभर दुसऱ्याच्या इच्छेने फिरते. दासी असलेल्या जनीचे हात परक्या घरचे होते. लक्ष तेवढे तिचे होते, आणि ते कोणाच्या पायी वाहायचे, हे तिने स्वतः ठरवले.